कुमैताचा पुठ्ठा: मेलेला रंग, खडूसारखी चमक आणि बदललेला बेत

मागच्या नोंदीतला तैलरंगातला कुमैत (तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा घोडा) दुसऱ्या थरापर्यंत पोचला आणि थर वाळल्यावर नेमका पुठ्ठा, म्हणजे घोड्याचा मागचा गोलसर भाग, बिघडला. ओला असताना खोल तांबूस दिसणारा गडद भाग राखाडी पडला, आणि चमकेच्या जागी गुलाबी खडू फासल्यासारखं दिसू लागलं. आता उपाय सापडलाय, आणि तो चकचकीत अंगाच्या कुठल्याही घोड्याला लागू पडतो, म्हणून ही नोंद बहुतेक त्यावरच.

त्याआधी जमलेलं थोडं. कान बसले! मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळतात; प्रत्येक कान सुटा काढत बसलं की शिंगं दिसतात. दोन कानांमधल्या मोकळ्या जागेचा आकार आधी काढला की कान आपोआप उभे राहतात. मागच्या पायाचा टाचेचा सांधाही जागेवर आला. तो पुढच्या गुडघ्याच्या रेषेत नसतो, थोडा वर असतो. हे एकदा डोळ्यात बसलं की अर्ध्या कॅलेंडरांवरचे घोडे लंगडे वाटायला लागतात. रेखाटन कोळशाचं, रेघा पातळ बर्न्ट अंबरने (गडद तपकिरी रंग) पक्क्या करून कोळसा झटकून टाकला, नाहीतर तो पहिल्याच थरात मिसळून सगळं मळकट करतो. पेन्सिल मात्र नको. तैलरंग वर्षानुवर्षं पारदर्शक होत जातो आणि ग्राफाइट खालून डोकावू लागतं.

आता पुठ्ठा. इथे रोग दोन आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

पहिला, रंग मरणं. वरच्या थरातलं तेल खालच्या थराने किंवा प्रायमरने (कॅनव्हासवरच्या अस्तराने) ओढून घेतलं की रंगद्रव्य उघडं पडतं, पृष्ठभाग मॅट होतो आणि गडद रंग फिका दिसतो. अंबर यात सगळ्यांत बदनाम. त्यात टर्पेंटाइन सढळ पडलं की झालंच. बाजारातल्या बऱ्याच तयार कॅनव्हासांवरचा अ‍ॅक्रिलिक जेसो (पांढरं अस्तर) तर टीपकागदच असतो. परीक्षा सोपी आहे: पूर्ण वाळलेल्या भागावरून टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला मऊ ब्रश हलकाच फिरवायचा. खोली परत आली तर मिश्रण बरोबर आहे, रंग फक्त मेलाय. नाही आली तर मिश्रणच बदलायला हवं. पुठ्ठ्याचा सावलीतला भाग या परीक्षेत पास झाला, म्हणजे तिथे आणखी गडद रंग चढवण्यात अर्थ नव्हता. तसं केलं की तो थरही मरतो, आपण अजून गडद करतो, आणि शेवटी घोड्याच्या मागे भोक पडल्यासारखं दिसतं.

इलाज ऑइलिंग आउटचा, म्हणजे मेलेल्या भागाला तेल परत देण्याचा. १ भाग स्टँड ऑइल (घट्ट केलेलं जवसाचं तेल), २ भाग टर्पेंटाइन. सुती, धागे न सुटणाऱ्या फडक्याने मेलेल्या भागावर चोळायचं, ५ ते १० मिनिटं थांबायचं आणि कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढायचं. चकाकी राहावी, ओल राहू नये. जास्तीचं तेल पुढे पिवळं पडतं आणि सुरकुततं. ही फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइन हार्डवेअरच्या दुकानातलं असेल तर आधी पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून बघा. उडून गेल्यावर डाग राहिला तर त्याची लायकी ब्रश धुण्यापुरतीच.

दुसरा रोग चमकेचा, आणि खरा हट्टी तोच. बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) टायटॅनियम व्हाइट घातला की रंग उजळतो, पण त्याची धग जाते आणि तो गुलाबी, थंड होतो. पांढरा वाढवून हे सुटत नाही, कारण गृहीतच चुकीचं आहे. चमक म्हणजे केसांचा उजळ रंग नव्हे, केसांवर पडलेलं आकाश. उघड्यावर उभ्या घोड्याच्या पाठीवर आणि पुठ्ठ्याच्या वरच्या उतारावर निळसर राखाडीच दिसतं. सगळ्यांत तांबडा रंग असतो तो चमक आणि सावली यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात. हा पट्टा नसेल तर चमक अंगावर चिकटवल्यासारखी दिसते.

जमलेलं मिश्रण असं: टायटॅनियम व्हाइट ४ भाग, अल्ट्रामरीन (गडद निळा) १, बर्न्ट सिएना पाऊण. ट्यूबनुसार थोडं पुढेमागे होईल, पण पॅलेटवर ते चक्क घाणेरडं राखाडी दिसलं पाहिजे. तांबूस रंगाशेजारी गेलं की आपोआप निळं होतं. उजळपणा शुद्ध पांढऱ्यापेक्षा दोन पायऱ्या खाली. तेल पुसलेल्या पृष्ठभागावर ८ नंबरचा फिल्बर्ट (गोलसर टोकाचा चपटा ब्रश), ब्रशवर रंग नावापुरता, आणि फटकारे केसांच्या दिशेने. पुठ्ठ्यावर केस मागे आणि खाली वळतात, कुशीपाशी मात्र भोवरा असतो, तिथे दिशा बदलते. हे ओलं असतानाच कडेने ट्रान्सपरंट ऑक्साइड रेड, पांढऱ्याचा कणही न लावता. सावलीकडची कड मऊ करायची, स्नायू मोडतो तिथली तशीच सोडायची. दोन्ही कडा घोटल्या की घोडा प्लास्टिकचा.

घोटण्यासाठी मुंगसाच्या केसांचा ब्रश सुचवणारे अजून भेटतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो बेकायदा आहे, आणि साधा सिंथेटिक फॅन ब्रश हे काम पुरेसं करतो.

पार्श्वभूमीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेतली गर्दी, राहुट्या, रंगीत झुली घ्यायचं ठरलं होतं. वरचं मिश्रण लिहितानाच तो बेत डळमळला. चमकेचं राखाडी निळं दिसतं ते शेजारच्या रंगामुळे. मागे निळी राहुटी आली की सगळा हिशेब कोसळणार. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्जने साधारण १७६२मध्ये ‘व्हिसलजॅकेट’ हा घोडा रंगवला तेव्हा पार्श्वभूमी जवळपास रिकामी ठेवली, आणि अंगाची वळणं तिथे एकटीच बोलतात. म्हणून गर्दी रद्द. मागे फक्त धूळ: यलो ऑकर, पांढरा, किंचित रॉ अंबर. हीच धूळ पोटाखाली उबदार उजेड म्हणून परत येईल, तेव्हा पोटाचा थरही बदलावा लागणार. त्यामुळे पुठ्ठ्याला आता हात नाही. आधी पार्श्वभूमी, मग पोट, मग चमकेचा शेवटचा हात.

आयाळ, शेपूट आणि पायांचा काळा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरचा. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो. त्याच्यावर लवकर वाळणारा थर दिला की तडे जातात, म्हणून तो वापरलाच तर अगदी वरच्या हाताला. पावसाळी हवेत वाळण्याचा वेळ आणखी वाढतो आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते, तेव्हा भिंतीला टेकवून ठेवू नका.

पुढच्या कॅनव्हासवर जेसोच्या दोन हातांनंतर ४०० नंबरचा वॉटर पेपर आणि वरून ऑइल प्रायमरचा एक पातळ हात, म्हणजे शोषणं तिथेच आटोक्यात येईल. ऑइल प्रायमर चांगला वाळू दिल्याशिवाय रेखाटन सुरू करायचं नाही. त्या कॅनव्हासवर नुकरा घ्यायचा विचार आहे; पांढऱ्या अंगावर आकाश कसं दाखवायचं, यावर कुणी काम केलं असेल तर मिश्रणं कळवा.