सहीसलामत बिघडलेला बॅकअप

चेकसम, म्हणजे नक्कल तंतोतंत आहे का हे सांगणारा आकडा, जुळला होता. एक्सझेडने दाबलेल्या फाइलीची तपासणी पास झाली होती, टारमधली, म्हणजे सगळ्या फाइलींच्या एकत्र गठ्ठ्यातली, प्रत्येक फाइल जागच्या जागी होती. तरीही तो बॅकअप कामाचा नव्हता, आणि हे आम्हाला तो वापरायची वेळ आली तेव्हाच कळलं.

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आम्ही पॅकिंग मशिनांचे कंट्रोलर बनवतो. त्यांच्यातली लिनक्स तयार डिस्ट्रोची, म्हणजे बांधून मिळणाऱ्या संचाची, नसते. 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हा जेरार्ड बीकमन्स यांनी 1999 मध्ये सुरू केलेला प्रकल्प. त्याच्या पद्धतीने सगळं सोर्समधून बांधायचं. आधी क्रॉस कंपायलर, मग तात्पुरती हत्यारं, मग चरूटमध्ये, म्हणजे नव्या सिस्टिमची डिरेक्टरी हेच मूळ मानणाऱ्या शेलमध्ये, शिरून ऐंशीच्या आसपास पॅकेजं एकेक करून. हौस म्हणून करत नाही. मशीन पंधरा वर्षं चालतं, आणि आतली अमुक फाइल कुठून आली हे तेव्हाही सांगता आलं पाहिजे.

त्या मंगळवारी सकाळी शनिवारी पूर्ण झालेल्या सिस्टिमवर एक साधा सी प्रोग्राम कंपाइल करायचा होता. लिंकरने, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्राम तयार करणाऱ्या हत्याराने, एका ओळीत विषय संपवला: लिबजीसीसी.ए, एरर ॲडिंग सिंबल्स, आर्काइव्ह हॅज नो इंडेक्स, रन रॅनलिब टु ॲड वन. म्हणजे लायब्ररीत सूचीच नाही, रॅनलिब चालवून ती बनवा. सांगितल्याप्रमाणे रॅनलिब चालवलं. ते बिनतक्रार चाललं आणि पुन्हा तोच एरर. बाकी सिस्टिम ठणठणीत होती. बॅश चालतं, ग्रेप चालतं, नेटवर्क चालतं. शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, "बेकअप छे ने?"

छे, म्हणजे आहे. शनिवारी संध्याकाळीच घेतलेला होता. रिकाम्या पार्टिशनवर उतरवला, चरूट केलं, कंपाइल केलं. तोच एरर, अक्षरशः तोच.

कारण शोधायला अर्धा तास लागला. सिस्टिम बांधून झाली की डीबगची माहिती काढून जागा वाचवतात, त्याला स्ट्रिप करणं म्हणतात. शेअर्ड लायब्ररींना स्ट्रिप-अनीडेड चालतं, पण .ए शेपटीच्या स्टॅटिक लायब्ररींना फक्त स्ट्रिप-डीबग द्यायचं असतं. मी स्क्रिप्टमध्ये त्यांना स्ट्रिप-ऑल लावलं होतं. त्याने सिंबल टेबल, म्हणजे आतल्या नावांची यादीच, उडतं. लिंकर स्टॅटिक लायब्ररीत नावाने शोधतो, आणि नावंच उरली नाहीत तर रॅनलिब तरी सूची कशाची करणार? चालणाऱ्या प्रोग्रामांना या लायब्ररी लागत नाहीत. म्हणून सगळं धडधाकट दिसत होतं आणि नवीन काही बांधायला घेईपर्यंत कोणाला शंका आली नाही. शनिवारचा बॅकअप या स्ट्रिपनंतरचा, म्हणजे बिघडलेल्या सिस्टिमची अगदी प्रामाणिक नक्कल. चेकसम एवढंच सांगतो की नक्कल करताना चूक झाली नाही.

स्ट्रिपच्या आधीचा बॅकअपही घेतला होता. पण दोन्हींचं नाव एकच, आणि नंतरच्याने आधीचा पुसला. ही चूकही माझीच. डिस्कवर जागा असताना मी नाव वाचवत बसलो होतो.

मग हाती राहिला तिसरा: तात्पुरती हत्यारं पूर्ण झाल्यावर, चरूटमध्ये अंतिम पॅकेजं सुरू करण्याआधीचा. हा टप्पा बॅकअपसाठी सगळ्यांत मोलाचा आहे असं माझं मत आहे. तोवर टूल्सची डिरेक्टरी उडवलेली असते, .एलए फाइली आणि मॅन्युअलची पानं काढलेली असतात, मालकीही रूटकडे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे, गेलेली असते. इथून पुढे बिघडलं की सर्वांत मोठी मजल वाचते. टार घेण्याआधी चरूटमधून बाहेर यायचं आणि डेव्ह-पीटीएस, सिस, प्रॉक, रन, डेव्ह हे आत जोडलेले आभासी फोल्डर सगळे अनमाउंट करायचे. ते जोडलेले असताना टार घेतला तर प्रॉकमधल्या खोट्या आकाराच्या फाइली आत येतात. आमच्या टारमध्ये सोर्सची डिरेक्टरीही नसते. ते सगळे गठ्ठे आधीच दाबलेले असतात, एक्सझेड त्यांच्यावर फुकट घाम गाळतो. ते एकदाच वेगळे ठेवायचे, एमडी5च्या यादीसह.

उतरवायचं काम आमच्या नव्या मुलाला दिलं. दांडिया बाजारात आमच्याच वाड्यातला, मला काका म्हणतो. कृती कागदावर तीन ओळींची आहे: एलएफएस या व्हेरिएबलमधल्या डिरेक्टरीत सीडी करा, म्हणजे शिरा, आरएम -आरएफ लावून तिथलं सगळं पुसा, टार सोडा. त्याने नवीन टर्मिनल उघडलं, एसयू आणि डॅश टाकून रूट झाला आणि पहिली ओळ मारली.

मी त्याच्या मागे उभा होतो. प्रॉम्प्टमध्ये माउंट पॉइंटचा रस्ता दिसायला हवा होता, दिसत होता नुसता टिल्ड, म्हणजे घरच्या डिरेक्टरीची खूण. खाली दुसरी ओळ टाइप झालेली, बोट एंटरच्या वर.

"थांब. हात उचल."

"काय झालं काका? सीडीने एरर दिला नाही."

एरर येणारच नव्हता. एसयूला डॅश लावला की नवा लॉगिन शेल मिळतो आणि आधीची व्हेरिएबलं येत नाहीत. एलएफएस रिकामं. रिकामं व्हेरिएबल देऊन सीडी केलं म्हणजे नुसतं सीडी केलं, आणि नुसतं सीडी घरी नेतं. रूटचं घर. आमचा टार तिथेच ठेवलेला. म्हणजे पुढच्या एंटरला पहिल्यांदा तोच गेला असता आणि मग टारने कळवलं असतं की अशी फाइल नाही. याच ओळीत कोणी रस्ता आणि चांदणी एकत्र लिहिली, म्हणजे व्हेरिएबल, तिरकी रेघ आणि तारा, तर रिकाम्या व्हेरिएबलने ती थेट मुळावर जाते. आरएमचं प्रिझर्व्ह-रूट तिथे वाचवत नाही, कारण तारा शेलने आधीच उलगडून बिन, बूट, ईटीसी अशी वेगवेगळी नावं करून दिलेली असतात.

दुसरी गोष्टही त्याच वेळी दिसली. फाइंडमाउंट चालवून पाहिलं तर सकाळच्या खटपटीतलं डेव्ह अजून बाइंड करून जोडलेलं होतं. तसंच पुसलं असतं तर होस्टच्याच, म्हणजे ज्या मशीनवर बांधत होतो त्याच्याच, डिव्हाइस फाइली गेल्या असत्या. त्या रीबूटनंतर परत येतात म्हणा, पण चालत्या मशीनखालचं डेव्ह गेलं की साधं नवं टर्मिनलही उघडत नाही.

तेव्हा पुसायचंच नाही असं ठरवलं. वेगळं 30 जीबीचं पार्टिशन घेतलं, एक्सटी4 केलं आणि टार त्यात सोडला, न्यूमेरिक-ओनर लावून. हा पर्याय लोक सोडून देतात. टार मालकाचं नाव आणि आकडा दोन्ही ठेवतो आणि उतरवताना नावाला मान देतो. होस्टवर त्या नावाचा आकडा वेगळा असला तर फाइल भलत्याच्या मालकीची होते. आणि मालकी नंतर चाऊनने दुरुस्त करू म्हणाल तर चाऊन एसयूसारख्या प्रोग्रामांचा सेटयूआयडी बिट (मालकाच्या अधिकाराने चालण्याची खूण) काढून टाकतं. नव्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, बदलतो, म्हणून एफएसटॅब (पार्टिशनांची यादी) आणि ग्रब (बूटलोडर) यांच्यातला आकडा बदलायचा, तेवढाच जास्तीचा उद्योग. जुनं बिघडलेलं पार्टिशन तोवर शाबूत राहतं. त्याच्या ईटीसीमधून शनिवारचे कॉन्फिग काढून घेता आले, तो अर्धा दिवस वाचला.

व्हेरिएबल वापरणाऱ्या सगळ्या स्क्रिप्टा त्याच दुपारी बदलल्या. महिरपी कंसात नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लिहिलं की ते रिकामं असताना शेल तिथेच थांबतो. दोन चिन्हं, बस.

मग सेव-उसळ मागवली आणि बांधणी सुरू केली. दुपारी एकपासून रात्री साडेनऊपर्यंत, आठ कोर. टेस्ट फक्त ग्लिबसी (सी लायब्ररी), बिनयुटिल्स (लिंकर वगैरे) आणि जीसीसी (कंपायलर) यांच्या चालवल्या, त्या गाळण्यात शहाणपण नाही. बाकीच्यांवर वेळ घातला नाही. जीसीसी बसला की रिकामा मेन कंपाइल करून रीडएल्फने त्यातला इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्राम सुरू करून देणारा लोडर, पाहिला: लिब64 मधला एलडी-लिनक्स. हीच तपासणी आता स्ट्रिपनंतरही होते, आणि टार घेतल्यावर दुसऱ्या पार्टिशनवर उतरवून तिथल्या चरूटमध्येही. ती पास झाली नाही तर टारला नाव मिळत नाही.

उतरवून पाहायला एक जुना पीसीही ठेवला आहे. तिथे पहिल्याच खेपेला कंपायलर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून पडला. जीएमपी, म्हणजे मोठ्या आकड्यांच्या गणिताची लायब्ररी, बांधताना ती समोरच्या प्रोसेसरचे गुण ओळखून त्याच्यासाठी घडवली जाते, आणि जीसीसी तीच वापरतो. नव्या प्रोसेसरवरचा टार जुन्यावर आंधळेपणाने चालत नाही. कॉन्फिगरला होस्ट म्हणून 'नन-लिनक्स-जीएनयू' दिलं की सर्वसाधारण लायब्ररी बनते. वेग थोडा कमी मिळतो, आम्हाला त्याचं काही नाही.

प्रती तीन ठिकाणी असतात. बिल्ड मशीनवर, पण आता रूटच्या घरात नाही. दुसरी एक्सफॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर. तिथे फक्त टार, सुट्या फाइली कधीच नाहीत, कारण एक्सफॅटला सिंबॉलिक लिंक आणि मालकी कळत नाही. फॅट32 तर घेऊच नये, 4 जीबीच्या वरची फाइल त्यात मावत नाही. आणि 2024च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरल्यापासून तिसरी प्रत माझ्या घरी, दुसऱ्या मजल्यावर.

रात्री निघताना पोराने डिस्कवर पट्टी चिकटवली आणि मार्करने तीन नावं लिहिली: 'चरूट-आधी', 'स्ट्रिप-आधी', 'स्ट्रिप-नंतर', प्रत्येकापुढे तारीख. तिसऱ्यापुढची जागा त्याने रिकामी सोडली होती. विचारलं तर म्हणाला, "काका, त्याचं कंपाइल अजून पाहिलं नाही. उद्या भरतो."