तुम्ही विचारलंत म्हणून: मार्लो जगला असता तर?

मार्लोवर कुठेही बोलले, मग तो एम.ए.चा वर्ग असो की वाचनालयातलं व्याख्यान, एक प्रश्न येतोच. “मॅडम, हा माणूस आणखी वीस वर्षं जगला असता, तर शेक्सपिअरपेक्षा मोठा झाला असता का?” विचारणाऱ्याच्या आवाजात हळहळ असते आणि ती मला समजते. इंग्रज नाटककार ख्रिस्तोफर मार्लो 29 व्या वर्षी गेला, तोही सुरीच्या एका घावानं. पण या हळहळीपायी आपण त्यानं पुरं करून ठेवलेल्या कामाकडे नीट बघतच नाही, असं मला वाटतं. म्हणून आज जरा सविस्तर उत्तर देते.

दोघं एकाच वर्षीचे. मार्लोचा बाप्तिस्मा 26 फेब्रुवारी 1564 ला कँटरबरीत झाला, शेक्सपिअरचा 26 एप्रिल 1564 ला स्ट्रॅटफर्डला. एक चांभाराचा मुलगा, दुसरा हातमोजे करणाऱ्याचा. मार्लो शिष्यवृत्तीवर शिकला, आधी कँटरबरीच्या किंग्ज स्कूलमध्ये, मग केंब्रिजच्या कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजात. 1587 मध्ये त्याला एम.ए.ची पदवी द्यायला विद्यापीठ का-कू करू लागलं, कारण हा फ्रान्समधल्या रीम्सला जाऊन कॅथलिकांना मिळणार अशी कुणकुण होती. तेव्हा थेट राणीच्या सल्लागार मंडळानं, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलनं, पत्र धाडलं, की यानं राणीसाहेबांची चांगली सेवा केली आहे, पदवी अडवू नका. ही सेवा बहुधा हेरगिरीची असावी. पदवी मिळाली आणि त्याच सुमारास लंडनच्या रंगमंचावर त्याचं ‘टँबरलेन’ उभं राहिलं.

टँबरलेन म्हणजे आपण शाळेच्या इतिहासात वाचलेला तैमूरलंग. आपल्याला तो 1398 मध्ये दिल्लीची कत्तल करणारा म्हणून माहीत आहे, त्यामुळे नाटक वाचताना मराठी विद्यार्थी आधी बिचकतात. मार्लोच्या रंगमंचावर दिल्ली येत नाही. तिथे आहे एक मेंढपाळ, ज्याच्याकडे ना कूळ आहे ना सिंहासन, फक्त बोलणं आहे. पर्शियाचा सेनापती थेरिडमस हजार घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला येतो. टँबरलेनजवळ पाचशे पायदळ. लढाई होतच नाही. टँबरलेन बोलायला लागतो, नियतीला मी लोखंडी साखळ्यांत जखडून ठेवलं आहे म्हणतो, आणि सेनापती फितूर होऊन त्याच्या बाजूला येतो. नाटककारानं पहिल्याच अंकात सांगून टाकलं, की या नाटकात शब्द हेच शस्त्र आहे.

आणि ते शस्त्र त्यानं स्वतः घडवलं होतं. यमक नसलेली, दहा उच्चारांची, पाच आघातांची ओळ, म्हणजे ब्लँक व्हर्स, मार्लोच्या आधीही होती. अर्ल ऑफ सरीनं रोमन कवी व्हर्जिलच्या भाषांतरासाठी ती वापरली, ‘गॉरबोडक’ या नाटकात ती 1562 मध्ये राणीसमोर बोललीही गेली. पण ‘गॉरबोडक’ मोठ्यानं वाचून बघा. प्रत्येक ओळ दहा मोजून थांबते, पुढची पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मार्लोनं अर्थाला ओळीच्या टोकाशी थांबू दिलं नाही. टँबरलेनचं एक भाषण मी वर्गात नेहमी म्हणून दाखवते. निसर्गानं आपल्याला चार तत्त्वांतून घडवलं, ती आपल्या छातीत सत्तेसाठी झगडत असतात, आपला आत्मा विश्वाची रचना समजून घेऊ शकतो, ग्रहांच्या वाटा मोजू शकतो, ज्ञानामागे चढतच राहतो… एकच वाक्य ओळीमागून ओळी ओलांडत वर वर जातं आणि शेवटी कुठे पोचतं? एका पार्थिव मुकुटाशी. एवढं आकाश बघून माणसाला हवं काय, तर राजमुकुट! मार्लोची ही थोरवी आहे की त्यानं तो मोह मनापासून रंगवला आणि त्याचा तोकडेपणाही त्याच वाक्यात ठेवला.

ही ओळ कानांनी ऐकायची असते. अ‍ॅडमिरल्स मेन या मंडळीचा मुख्य नट एडवर्ड अ‍ॅलिन याच्या तोंडी ती लंडननं ऐकली. टँबरलेन, फॉस्टस, ‘द ज्यू ऑफ माल्टा’मधला बॅरबस, या तिन्ही भूमिका अ‍ॅलिनच्या. रोझ नाट्यगृहात ही नाटकं पुन्हा पुन्हा लागायची. फिलिप हेन्स्लो या मालकाची हिशेबवही टिकून आहे म्हणून आपल्याला हे कळतं. त्या नाट्यगृहाचा पाया 1989 मध्ये साउथवर्कला इमारतीसाठी खोदकाम करताना सापडला. नाटककार बेन जॉन्सन 1623 मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहासाठी कविता लिहायला बसला, तेव्हाही त्यानं ‘मार्लोची बलाढ्य ओळ’ आठवली. मार्लोला जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती.

‘डॉक्टर फॉस्टस’बद्दल मात्र मला घाई करता येत नाही. विटेनबर्गचा विद्वान, तर्कशास्त्र, वैद्यक, कायदा, धर्मशास्त्र सगळं पालथं घालून कंटाळलेला, चोवीस वर्षांच्या सत्तेसाठी आत्मा विकतो. करार रक्तानं लिहायला बसतो तर रक्त गोठतं. सैतानाचा दूत मेफिस्टोफिलिस त्याला फसवत नाही, हे मला या नाटकातलं सर्वांत भेदक वाटतं. फॉस्टस विचारतो, तू नरकातून बाहेर कसा आलास? तो म्हणतो, हाच नरक आहे, मी त्याच्या बाहेर नाही. ज्यानं ईश्वराचं मुख पाहिलं त्याला ते पुन्हा दिसणार नाही, याहून मोठा नरक कोणता? दूतच कळवळून सांगतो की हे प्रश्न सोड. फॉस्टस ऐकत नाही. बुद्धिमान माणूस समोरचा पुरावा कसा नाकारतो, हे यापेक्षा स्पष्ट मी कुठे वाचलेलं नाही.

मधले प्रवेश कच्चे आहेत, हे मान्य. पोपच्या कानाखाली वाजवणं, हिवाळ्यात एका ड्यूकच्या बायकोला द्राक्षं आणून देणं, असल्या करामतींत चोवीस वर्षं जातात. त्यातला काही भाग इतरांच्या हातचा आहे. 1602 मध्ये हेन्स्लोनं नाटकात भर घालण्यासाठी दोघा लेखकांना चार पौंड दिल्याची नोंद आहे. तरीही मला ती क्षुल्लकता नाटकाला पोषकच वाटते. एवढं मोल देऊन त्यानं घेतलं काय, हे प्रेक्षकाला दिसतं.

आणि मग शेवटचा तास. अकराचे ठोके पडतात. फॉस्टस एकटा. एका भाषणात पूर्ण तास जातो, साठ ओळींच्या आत. मध्ये साडेअकरा वाजतात, आणि दुसऱ्या अर्ध्या तासाला मार्लो पहिल्यापेक्षा कमी ओळी देतो. बघणाऱ्याला न सांगता वेळ वेगानं धावू लागते. फॉस्टस ग्रहगोलांना थांबा म्हणतो, मग लॅटिनमध्ये म्हणतो, रात्रीच्या घोड्यांनो, हळू धावा. ही ओळ रोमन कवी ओव्हिडची. तिथे प्रियेच्या मिठीत असलेला प्रियकर पहाट होऊ नये म्हणून ती म्हणतो. ओव्हिडच्या त्या शृंगारिक कवितांचं भाषांतर मार्लोनं स्वतः केलं होतं (1599 मध्ये बिशपांच्या हुकमावरून ते जाळलं गेलं). सुखाची ती ओळ त्यानं मरणाच्या भयात आणून ठेवली. शेवटी सैतान येतात तेव्हा फॉस्टस ओरडतो, “मी माझी पुस्तकं जाळीन!” पुढे शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मधला जादूगार प्रॉस्पेरो आपलं पुस्तक समुद्रात बुडवायचं ठरवतो, तेव्हा मला ही किंकाळी ऐकू येते.

आपल्याकडे फाउस्ट म्हटलं की जर्मन कवी गटे आठवतो, आणि विंदा करंदीकरांनी त्याचा मराठी अनुवाद केल्यामुळे तो आपल्या घरचाही झाला आहे. त्या वाटेवरही मार्लो उभा आहे. मूळ गोष्ट 1587 च्या एका जर्मन पुस्तकातली. मार्लोनं तिचं नाटक केलं, इंग्रज नटमंडळी ते जर्मन भाषेच्या मुलखात घेऊन फिरली, तिथे ते उतरत उतरत कळसूत्री बाहुल्यांच्या खेळापर्यंत आलं, आणि गटेच्या मनात फाउस्ट शिरला तो त्या बाहुल्यांच्या खेळातून.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचं नाटक मात्र ‘एडवर्ड दुसरा’. इथे मार्लो बदललेला दिसतो. एकच अजस्र माणूस आणि बाकीचे ऐकणारे, ही रचना त्यानं मोडली. राजा, त्याचा जिवलग गॅव्हस्टन, दुखावलेली राणी इझाबेला, महत्त्वाकांक्षी मॉर्टिमर, सगळ्यांना नाटकात आपापली बाजू आहे. राजाचं एका पुरुषावरचं प्रेम मार्लो लपवत नाही, थट्टेवारीही नेत नाही. अलेक्झांडर आणि हेफेस्टियन, अकिलीस आणि पॅट्रोक्लस यांचे दाखले एका वयस्क सरदाराच्याच तोंडी घालतो. मुकुट काढून द्यायची वेळ येते तेव्हा एडवर्ड म्हणतो, रात्रीपर्यंत तरी मला राजा राहू द्या, आणि आकाशातल्या घड्याळांना थांबायला सांगतो. फॉस्टसचीच विनवणी, पण इथे ऐकणारी माणसं समोर उभी आहेत आणि त्यांना मुकुट हवा आहे. शेवटी तो तळघरात घाणीत उभा आहे, झोप लागू नये म्हणून वर ढोल वाजतोय. मारेकऱ्याला तो म्हणतो, इझाबेलाला सांग, फ्रान्समध्ये तिच्यासाठी घोड्यावरून झुंजलो तेव्हा मी असा दिसत नव्हतो. भव्य उपमा नाही, देवदेवता नाहीत. ‘टँबरलेन’ लिहिणारा माणूस इतकं साधं लिहू लागला होता.

शेक्सपिअरनं हे सगळं जवळून पाहिलं. ‘रिचर्ड दुसरा’ हे नाटक ‘एडवर्ड’शिवाय कल्पनेत येत नाही. ट्रॉयच्या हेलनला बघून फॉस्टस म्हणतो, “वॉज धिस द फेस दॅट लाँच्ड अ थाउजंड शिप्स”, हजार जहाजं समुद्रात लोटणारा चेहरा हाच का? पदच्युत रिचर्ड आरसा हातात घेऊन तीच लय धरतो, रोज दहा हजार माणसांना पोसणारा चेहरा हाच का? ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या शायलॉकच्या मागे बॅरबस आहे. ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये तर एक मेंढपाळीण ‘मृत मेंढपाळा’ला हाक मारून मार्लोच्या ‘हीरो अँड लिअँडर’ काव्यातली ओळ जशीच्या तशी म्हणते: प्रथमदर्शनी ज्यानं प्रेम केलं नाही, त्यानं कधी प्रेम केलं? शेक्सपिअरनं समकालीन कवीला इतक्या उघडपणे दिलेली अशी दाद मला दुसरी आठवत नाही.

याच प्रश्नाला जोडून एक उपप्रश्न येतो. तो मेलाच नाही, शेक्सपिअर या नावानं लिहीत राहिला, हे खरं का? नाही. 30 मे 1593 ला लंडनजवळच्या डेप्टफर्डला एलेनॉर बुल यांच्या घरी तो तीन माणसांबरोबर होता, त्यातला एक, रॉबर्ट पोली, सरकारी हेर. संध्याकाळी बिलावरून वाद झाला आणि इन्ग्रम फ्रायझरच्या सुरीनं त्याच्या उजव्या डोळ्याच्या वर घाव झाला, असं चौकशीचा कागद सांगतो. सोळा पंचांनी प्रेत पाहिलं होतं. हा कागद संशोधक लेस्ली हॉटसन यांना 1925 मध्ये सापडला. मरणाआधी दहा दिवस मार्लो प्रिव्ही कौन्सिलपुढे हजर झाला होता, त्याच्यावर नास्तिकपणाचा संशय होता, आणि फ्रायझरला महिन्याच्या आत माफी मिळाली. त्यामुळे बिलाच्या गोष्टीवर शंका घ्यायला जागा आहे, मरणावर नाही. शिवाय दोघांची नाटकं ओळीनं वाचली की हात वेगळे आहेत हे कानालाच कळतं. शेक्सपिअरचे फॉलस्टाफ किंवा रोझलिंड मार्लोच्या हातून घडले नसते. हसता हसता माणसाला माफ करणं त्याच्या नाटकांत नाही.

तर मोठा झाला असता का? 1593 च्या मे महिन्यात दोघंही गेले असते, तर आज आपण शेक्सपिअरला ‘सहाव्या हेन्री’वरच्या नाटकांचा एक होतकरू लेखक म्हणून ओळखलं असतं, आणि मार्लोला इंग्रजी रंगभूमीचा पहिला थोर कवी म्हणून. माझं उत्तर इतकंच. हे काम तेव्हाच झालेलं होतं, त्याला पुढच्या वीस वर्षांची गरज नाही.

वाचायचं असेल तर ‘एडवर्ड दुसरा’पासून सुरुवात करा, भाषा सर्वांत सोपी तिथे आहे. ‘टँबरलेन’चा पहिला भाग मोठ्यानं वाचा, मनात वाचून तो हाती लागत नाही. ‘फॉस्टस’च्या दोन संहिता मिळतात, 1604 ची आणि 1616 ची. दुसरी लांब आहे आणि करामती वाढवलेली. पहिल्यांदा वाचताना 1604 चीच घ्या.