तुम्ही विचारलंत म्हणून: कामावर परतण्याआधी किती दूध साठवायचं?

बाळंतपणाची रजा संपत आलेली कुणीही भेटली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तू रुजू व्हायच्या आधी फ्रीझरमध्ये किती दूध साठवून ठेवलं होतंस?" माझं उत्तर ऐकून बहुतेकींचा चेहरा पडतो. पहिल्या दिवसापुरतं. आणि सांडलं-लवंडलं तर असावी म्हणून वर एक बाटली.

"एवढंच?" हो, एवढंच. पुढचं सगळं रोजच्या रोज. आज ऑफिसात काढलं ते उद्या बाळाच्या पोटात. फ्रीझरचा कप्पाच्या कप्पा दुधाच्या पिशव्यांनी भरलेले फोटो तुम्हीही पाहिले असतील, आणि ते पाहून धस्स झालं असेल तर त्यात नवल नाही. पण रजेचे शेवटचे दिवस बाळाला कुशीत घेऊन लोळायचे असतात. ते कुणी दूध काढायच्या पंपाला जुंपून घेऊन घालवते, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

आधी हिशेब बघू. फक्त अंगावर पिणारं बाळ साधारण पहिल्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत दिवसाला सरासरी 750 मिलिलिटरच्या आसपास दूध पितं. कुणाचं 500 वर भागतं, कुणाला 1000 लागतं. पण त्या-त्या बाळाचा आकडा या काळात फारसा चढत नाही. बाळ मोठं होत असतं, पण वाढीचा वेग हळूहळू मंदावत असतो, त्यामुळे तेवढंच दूध पुरतं. 24 तासांत 750 म्हणजे तासाला तीसेक मिली. जाण्यायेण्यासकट तुम्ही दहा तास बाहेर असाल, तर 300 ते 400 मिली मागे ठेवलं की काम भागतं. पावडरच्या डब्यावर महिन्यागणिक चढत जाणारा तक्ता छापलेला असतो, तो अंगावरच्या दुधाला लावायचा नाही. घरातली मंडळी नेमका तोच लावतात आणि मग "आता मोठं झालंय, एवढ्याशाने काय होतंय त्याचं" सुरू होतं.

आता साठ्याबद्दल. छाती भरलेली राहिली की दूध बनायचा वेग मंदावतो, रिकामी होत राहिली की वाढतो. बाकी सगळे उपाय, चूर्णं, लाडू, चहा वगैरे, याच्या नंतर. म्हणजे फ्रीझर भरलेला आहे या भरवशावर तुम्ही दिवसभर काढलंच नाही आणि घरी पिशव्या वितळवून पाजल्या, तर साठा तर संपतोच, वर अंगावरचं दूधही आटत जातं. साठा असो वा नसो, ऑफिसात काढावं लागणारच आहे. आणि तिथे रोज काढणार असाल तर रोजचं दूध रोज मिळणारच आहे. मग डोंगर रचायचा कशासाठी?

उलट रजेत बाळाचं पोट भरूनही दिवसभर पंप लावत राहिलं, तर शरीराला वाटतं जुळी आहेत. दूध गरजेपेक्षा जास्त येऊ लागतं, छाती दगडासारखी होते, गाठी येतात, कधी तापही येतो. गाठ आली की गरम शेक द्या, जोर लावून चोळा, पार रिकामं करा, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जायचा. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेने 2022 मध्ये तो बदलला. आता ती संस्था म्हणते, सूज आहे म्हणून थंड शेक द्या, हात हलका ठेवा, बाळ मागेल तसं पाजत राहा, आणि गाठ मोकळी करायच्या नादात जास्तीचं काढू नका. चोळून चोळून काळानिळा पडलेला भाग मी एका मैत्रिणीचा पाहिला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. ताप उतरत नसेल किंवा लाली पसरत असेल तर मात्र घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठायचा.

ताज्या दुधाचा आणखी एक फायदा आहे. गोठवल्यावर दुधातल्या जिवंत पेशी मरतात, क जीवनसत्त्वही कमी होतं. गोठवलेलं दूध वाईट नसतं, चांगलंच असतं. पण कालचं फ्रीजमधलं त्याहून सरस. काही जणींच्या गोठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. दुधातलंच लायपेज नावाचं विकर स्निग्धांश मोडत राहतं, त्याचा हा परिणाम. ते दूध नासलेलं नसतं, पण काही बाळं त्याला तोंड लावत नाहीत. साठवायचंच असेल तर दोन-चार पिशव्या गोठवून, वितळवून, बाळ पितंय का ते आधी बघा. मोठा साठा करून मग हे कळणं फार जिवावर येतं.

टिकण्याचं गणित सोपं आहे. ताजं काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रीजमध्ये 4 दिवस, फ्रीझरमध्ये 6 महिने उत्तम. बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत 24 तास निघतात. फ्रीजमध्ये वितळवलेलं 24 तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेली बाटली 2 तासांच्या आत संपवायची, नाहीतर ओतून द्यायची. हे शेवटचं पाळताना हात थरथरतो, म्हणून बाटल्या लहान भरा, 60-90 मिलीच्या. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही, दूध कुठे कोमट तर कुठे कढत होतं आणि तोंड भाजतं. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली धरली की पुरे. वर तरंगणारी साय म्हणजे दूध फाटलं असं नव्हे, हलक्या हाताने फिरवलं की मिसळते.

मग रजेत काय करायचं? दोन-तीन आठवडे आधी पंपाशी ओळख करून घ्यायची. सकाळचं पहिलं पाजून झालं की एकदा लावायचा, कारण बहुतेकींना दूध सकाळी जास्त असतं. बाळाने पिऊन उरलेलं ते, त्यामुळे बाटलीच्या तळाशी जेमतेम थर दिसेल. त्याचं रडू नका. दिवसाचं थोडं थोडं जमवत पहिल्या दिवसापुरतं सहज होतं.

या दिवसांत एक गोष्ट मात्र नीट बघून घ्या. पंपाची छातीला लावायची नरसाळ्यासारखी वाटी असते, तिचं माप. पंपासोबत येते तीच सगळ्यांना बसेल असं समजू नका, बऱ्याच पंपांत ती 24 मिलिमीटरची असते आणि कितीतरी जणींना त्याहून लहान लागते. निपल नळीत मोकळेपणाने मागे-पुढे सरकायला हवं, कडेला घासता कामा नये, आणि आजूबाजूची काळसर त्वचा सगळीच्या सगळी आत खेचली जाता कामा नये. दुखत असेल तर माप चुकलंय किंवा ओढ जास्त ठेवलीय. जोर वाढवला म्हणून दूध वाढत नाही. उलट दुखलं की पान्हा आवरून धरला जातो.

पान्ह्याचं तंत्रच निराळं. बाळ कुशीत आलं, रडलं, नुसतं आठवलं तरी ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, स्तनातल्या दुधाच्या इवल्या पिशव्यांभोवतीचे स्नायू आकसतात आणि दूध पुढे येतं. यंत्रापुढे ते लगेच होत नाही. सुरुवातीला पंप नुसताच कोरडा घरघरत राहतो. एखाद-दुसरा थेंब वाटीच्या कडेला येऊन थांबतो. मग मुंग्या आल्यासारखं होतं, काही जणींना तेही होत नाही, आणि एकदम चार-पाच बारीक धारा वेगवेगळ्या दिशांनी नळीच्या भिंतीवर आदळायला लागतात. तोवर धीर धरायचा. बाळाचा व्हिडिओ बघा, त्याचं झबलं जवळ ठेवा, किंवा सरळ दुसरंच काही वाचा. आणि बाटलीकडे बघत बसू नका. मी तिच्यावर मोजा चढवायची, पायातला. रेघा दिसल्या नाहीत की जीव शांत राहतो आणि दूध बरं येतं. धारा थांबल्यावर हाताने हलकेच दाबत राहिलं तर पुष्कळदा दुसऱ्यांदा पान्हा फुटतो.

दूध अचानक निम्म्यावर आलं तर? स्वतःला दोष देण्याआधी पंपाची झडप बघा. बाटलीच्या तोंडाशी ती मऊ, बोटाच्या पेराएवढी रबरी झडप असते, तिला केसाएवढी चीर गेली तरी ओढ उतरते. उजेडासमोर धरून हलकेच दाबली की चीर दिसते. "माझं दूध आटलं" म्हणून रडणाऱ्या दोन मैत्रिणींचं दूध नवी झडप लावल्यावर परत आलं. एक जादा झडप कायम पर्समध्ये हवी. झडप धड असेल तर पाळी जवळ आली आहे का ते आठवा, त्या दिवसांत दूध थोडं उतरतं आणि पुन्हा चढतं. आठवड्याच्या सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी, हेही नेहमीचंच. सुट्टीचे दोन दिवस बाळ अंगावर प्यायलं की गाडी रुळावर येते.

आता ऑफिस. घरापासून दूर असताना बाळ जितक्या वेळा प्यायलं असतं साधारण तितक्या वेळा काढायचं, म्हणजे दर तीनेक तासांनी. कॅलेंडरवर ती वेळ आधीच अडवून टाका. तिला नाव द्यायची गरज नाही, पण ती मीटिंगसाठी हलवायचीही नाही. माझ्या वाट्याला जुन्या फायलींची खोली आली होती. आतून कडी नव्हती, म्हणून दाराला खुर्ची टेकवून मी खुर्चीवरच बसायचे. माझे त्या वेळचे साहेब म्हणाले होते, "ही काय नवीन टूम?" नवीन? आंतरराष्ट्रीय कामगार संघटना 1919 साली स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या तिच्या मातृत्वाच्या करारात अंगावर पाजणाऱ्या बाईला कामाच्या वेळेत दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास द्यावा असं लिहिलेलं आहे. 2000 सालच्या करारात तर हा वेळ कामाचाच धरायचा आणि त्याचे पैसे द्यायचे असंही आहे. सगळ्या देशांनी ते मान्य केलेत असं नाही, पण टूम म्हणावं इतकं हे ताजं नक्कीच नाही. साहेबांशी वाद घालण्यापेक्षा मी रुजू होण्याआधीच लेखी विचारलं, कुठे बसू आणि कोणत्या वेळी. "बसू का" असं विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. संडासात मात्र बसायचं नाही. तिथे बसून कुणी जेवत नाही, मग बाळाचा डबा तिथे का भरायचा?

अर्धी लढाई घरी असते. दूध कमी पडतंय अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा पाजणाऱ्याचा हात सैल असतो. बाळ रडलं की बाटली, बाटली संपली की आणखी बाटली. बाटलीतून दूध आपोआप घशात उतरतं, त्यामुळे भूक नसतानाही बाळ गटागटा पितं. बाळाला जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी ठेवा, मध्ये मध्ये थांबू द्या. 90 मिली प्यायला दहा-पंधरा मिनिटं लागली पाहिजेत. बाटली तोंडातच घेत नसेल तर वाटी-चमचा आहेच, तान्हं बाळही छोट्या पेल्यातून पिऊ शकतं. काही बाळं दिवसभर जेमतेम पितात आणि आई आली की रात्रभर वसूल करतात. त्यात दुधाचं काही बिघडलेलं नसतं, झोपेचं तेवढं वाटोळं होतं. लघवी नेहमीसारखी होतेय, वजन वाढतंय, तर दुपारच्या उरलेल्या बाटलीची चिंता सोडा.

आणि एवढं करूनही कमी पडलं तर? एक बाटली पावडरची द्या आणि बाकीचं चालू ठेवा. सगळं नाहीतर काहीच नाही, असा कुठेही नियम नाही. निम्मं दूध अंगावरचं असणं ही मोठी गोष्ट आहे. ज्या नोकरीत उभ्याने दोन घास खायला उसंत मिळत नाही, तिथल्या बाईला कुणी "मनात आणलं तर जमतं" असं सांगू लागलं की मला राग येतो. मला खोली मिळाली, खुर्ची मिळाली, दार लोटायची मुभा मिळाली. ते नसतं तर माझ्या मनात कितीही असून बाटली भरली नसती.

सहा महिन्यांनंतर बाळ वरचं खाऊ लागतं आणि हळूहळू ओढाताण कमी होते. तेव्हा एकेक वेळ कमी करत जायची, एकदम नाही, नाहीतर दूध तुंबतं. आधी त्या वेळेची मिनिटं कमी करायची, मग ती वेळच सोडून द्यायची, आणि छाती रुळल्याशिवाय पुढच्या वेळेला हात लावायचा नाही. आधी कोणती वेळ सोडायची, असंही विचारतात. तुम्हाला जी सगळ्यात नकोशी असेल ती. मी दुपारची सोडली, कारण नेमकी त्याच वेळी फायली शोधायला कुणीतरी यायचं.