तुम्ही विचारलंत म्हणून: आईला मी स्वतः का वाचून दाखवत नाही

"एवढी ऑडिओबुक्स शोधत बसतेस, त्यापेक्षा तूच रोज अर्धा तास वाचून दाखव ना तिला." हे मावशी म्हणाली, वहिनी म्हणाली, सोसायटीतल्या दोघीजणी म्हणाल्या आणि मागच्या महिन्यात ट्रेनमधल्या मैत्रिणीनेही तेच विचारलं. दरवेळी मी विषय बदलला. आता एकदाच सगळं लिहून टाकते.

आईची नजर काचबिंदूने गेली हे तुम्हाला माहितीये. गेलेली परत येत नाही, ड्रॉप्स चालू आहेत ते उरलीये तेवढी टिकावी म्हणून. ही बाई चाळीस वर्षं वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणायची आणि पोळ्या लाटताना पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून वाचायची. तिला आता वाचायला काय मिळणार, हा प्रश्न तुम्हाला पडायच्या खूप आधी मला पडला होता.

आणि ऑडिओबुक्स फुकट असतात म्हणजे बटण दाबलं की मिळतात असं नाहीये हो. लिब्रिव्हॉक्स नावाच्या साइटवर हजारो पुस्तकं आहेत, 2005 पासून जगभरातले लोक घरी बसून, एक पैसा न घेता, कॉपीराइट संपलेली पुस्तकं वाचून तिथे टाकतायत, मी स्वतः लोकलमध्ये तीच ऐकते, पण त्यात मराठी अगदीच थोडं. यूट्यूबवर मराठी भरपूर आहे, पण त्यातलं बरंचसं परवानगी न घेताच टाकलेलं. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे त्यांचं लिखाण 2011 पासून मोकळं आहे. अत्रे गेले 1969 ला, म्हणजे 2029 संपेपर्यंत थांबा. आईला अत्रे हवे होते. सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन वाचनालय आहे, अंधत्वासारख्या कारणाने छापील वाचता न येणाऱ्यांसाठी खास, 2016 पासून, तेही फुकट, त्याच्या नोंदणीला आईची कागदपत्रं गोळा करण्यात माझ्या दोन रजा गेल्या. आणि मग कळलं की तिथलं बरंचसं कॉम्प्युटर वाचून दाखवतो, आणि तिला तो आवाज चालत नाही. माणूसच वाचणारा हवा. हे सगळं कोणी केलं? असो.

शेवटी तिला एक आवाज आवडला. कोणीतरी मध्यमवयीन गृहस्थ, नाव दिलेलं नाही, सावकाश वाचतात, मागे पंखा ऐकू येतो. मी माझ्या जुन्या फोनमध्ये सगळी प्रकरणं भरली, सिम घातलं, फोन तिच्या हातात दिला आणि सुटले. हो, सुटले हाच शब्द बरोबर आहे.

त्या जुलैत एका दिवशी कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं आणि आमची गाडी उभी राहिली. डोंबिवलीत घरी लाइट गेलेले, शेजारचे गावाला. मी फोन करत होते, रिंग पूर्ण वाजत होती, आई उचलत नव्हती. एकदा नाही, वीस-बावीस वेळा. पडली असेल, बाथरूममध्ये असेल, काय काय मनात आलं ते लिहीत नाही. सव्वाअकराला दार उघडलं तर अंधारात ती खुर्चीत बसलेली आणि फोनमधून ते गृहस्थ वाचतायत. साडेचारला तिने ऐकायला घेतलं तेव्हा बोट कुठेतरी लागलं असणार, तेच एक प्रकरण परत परत सुरू होत होतं. गुळगुळीत काच, तिला बंद करता येईना. माझा फोन आला की आवाज थांबायचा, रिंग वाजायची, ती बोट सरकवत राहायची, जमायचं नाही, रिंग थांबली की ते पुन्हा वाचायला लागायचे. मी ज्याला रिंग म्हणत होते ते तिथे असं चाललेलं.

"पंधरा वेळा झालं," ती म्हणाली. "आधी बंद कर."

तुम्ही म्हणता तेच तेव्हा मीही म्हटलं, स्वतःला. बास झाली यंत्रं, आपण वाचायचं. रविवारी पुढचं प्रकरण घेऊन तिच्याजवळ बसले. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलीयेत मी, वाचन वाईट नाही माझं. चौथ्या पानावर तिने विचारलं, "तुला कुठे जायचंय का?"

"नाही गं."

"मग गाडी सुटल्यासारखी का वाचतेस?"

मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, मग त्यांनाच लाव, त्यांना ऑफिस नाहीये, स्वयंपाक नाहीये. ती काही बोलली नाही. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

तरी पुढे अकरा दिवस वाचलं मी, रात्री ओटा आवरल्यावर. दहा मिनिटं झाली की तीच म्हणायची, झोप आता. तिला पुढचं हवं असायचं, चेहऱ्यावर दिसायचं, पण माझा आवाज उतरला की तिला लगेच कळतं. बाराव्या दिवशी ती म्हणाली, "त्यांना मागे जा म्हणायला काही वाटत नाही मला. तुला म्हणायचं तर आधी तुझा मूड बघावा लागतो."

मग मी बटणांचा एक छोटा प्लेअर आणला, पेन ड्राइव्ह लागतो त्यात. थांबवायच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड ठिपका दिला, वाळला की बोटाला बरोबर लागतो. आता ती स्वतः लावते, स्वतः थांबवते.

पण ती तसं खरंच तिच्यासाठी म्हणाली की मला मोकळं करायला? मला माहीत नाही. विचारलं नाही, कारण विचारलं तर मला बरं वाटेल असंच ती सांगेल. कधी वाटतं, मी नीट, सावकाश वाचलं असतं तर तिला ते गृहस्थ लागलेच नसते. मग वाटतं, दिवसाचे पाच तास कोण वाचणार होतं? दोन्ही खरं वाटतं, ज्या दिवशी जे वाटेल ते.

रविवारी मेथी निवडताना आम्ही दोघी एकत्र ऐकतो. एका प्रकरणात ते मध्येच खोकतात, कोणी कापलेलं नाही ते. आईला जागा पाठ आहे. "आता खोकतील बघ," म्हणते, आणि हातातली जुडी तशीच धरून थांबते.

मावशी, तुला वाटतं ना तिला कोणीतरी वाचून दाखवावं, तर ये. साडेचारला ती मोकळी असते. फक्त सावकाश वाच.