तुम्ही विचारलंत म्हणून: लॉक घेतलेला असताना रेफ कशाला?

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत क्यूएमूचा (संगणकाच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) सोर्स वाचायला घेतलेली मुलं हमखास विचारतात: "सर, बीक्यूएल तर घेतलेलाच असतो, मग मेमरी_रीजन_रेफ कशाला?" (बीक्यूएल म्हणजे क्यूएमूचा एकच मोठा सामायिक लॉक. मेमरी रीजन म्हणजे आतल्या मशीनला, म्हणजे गेस्टला, दिसणारा मेमरीचा एक पट्टा. रेफ म्हणजे 'हे अजून वापरात आहे' अशी मोजणीतली नोंद.)

कारण लॉक मध्येच सुटतो आणि पॉइंटर हातात राहतो. समजा, गेस्टने डिस्कला सांगितलं, वाचलेला डेटा ग्राफिक्स कार्डाच्या व्हीरॅममध्ये टाक. अॅड्रेस_स्पेस_मॅप होस्टच्या, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनच्या, मेमरीचा थेट पॉइंटर देतं, वाचनाची मागणी होस्टच्या कर्नलकडे जाते, बीक्यूएल सुटतो. तेवढ्यात गेस्ट ते कार्ड हॉट-अनप्लग करतो, म्हणजे मशीन चालू असतानाच काढतो. तेही बीक्यूएल घेऊन, रीतसर. रेफ नसता तर कार्डाची मेमरी मोकळी झाली असती आणि डिस्कचे 4096 बाइट मागाहून तिथे येऊन पडले असते. क्रॅशही लगेच होत नाही. भलत्याच स्ट्रक्चरची नासाडी होते आणि शोधताना दिवस जातात. म्हणून मॅप आतून रेफ घेतं, अनमॅप तो सोडतं.

आता खरी गोम. रीजनला स्वतःचा काउंट नसतोच. रेफ वाढतो तो त्याच्या ओनरचा, म्हणजे बहुतेक वेळा डिव्हाइस ऑब्जेक्टचा. आपल्याकडचं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर आठवा: धाबं उतरवायला घेतलं तर आतली एक खोली तेवढी राखता येत नाही. रीजनही डिव्हाइसच्याच स्ट्रक्चरमध्ये बसवलेला असतो, आणि रीड-राइटच्या कॉलबॅकना (वाचन-लेखन आलं की चालणाऱ्या फंक्शनांना) ओपेक आर्ग्युमेंट म्हणून जातो तो डिव्हाइसचाच पॉइंटर. म्हणून जो रीजन चालू मशीनमधून नाहीसा होऊ शकतो, त्याला इनिट करताना ओनर द्यायलाच हवा. डिव्हाइसचं सगळं काम बीक्यूएलखाली चालत असलं तरीही.

अनप्लगचा क्रम नीट लक्षात ठेवा. अनरियलाइझमध्ये (डिव्हाइस मशीनपासून सोडवण्याच्या टप्प्यात) त्याचा सबरीजन काढला की नवा फ्लॅटव्ह्यू, म्हणजे सगळ्या रीजनांचा सपाट नकाशा, तयार होतो. पण जुना फ्लॅटव्ह्यू एखादा व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी प्रोसेसर) अजून वाचत असू शकतो. हे वाचन आरसीयूने चालतं: लॉक न घेता वाचू देणारी आणि वाचक संपेपर्यंत जुनं राखणारी पद्धत. ते वाचक बाहेर पडल्यावरच जुना व्ह्यू मोडतो, त्याने धरलेले रेफ सुटतात आणि शेवटचा रेफ गेला की फायनलाइझ (ऑब्जेक्टची अखेरची मोडणी) चालतं. रीजनच्या कॉलबॅकना लागणारे बफर अनरियलाइझमध्ये फ्री केलेत तर घात होतो. ती जागा फायनलाइझची.

बीक्यूएल धरून सिंक्रोनाइझ_आरसीयू (सगळे वाचक बाहेर पडेपर्यंत थांबणारं फंक्शन) तर कधीच बोलावू नका. वाचक आरसीयूच्या आत राहून एमएमआयओसाठी (मेमरीच्या पत्त्यांवरून डिव्हाइसशी बोलण्यासाठी) बीक्यूएलची वाट बघतो, तुम्ही बीक्यूएल धरून वाचकाची. दोघेही जागच्या जागी. कॉल_आरसीयू वापरा, ते न थांबता मोडणीचं काम पुढे ढकलतं.

सर्वाधिक अनरेफचा (रेफ सोडण्याचा) विसर पडतो तो मेमरी_रीजन_फाइंडनंतर, म्हणजे पत्त्यावरून रीजन शोधल्यावर. ते रेफ घेऊनच सेक्शन देतं, म्हणून काम झालं की सेक्शनच्या एमआरवर (त्यातल्या मेमरी रीजनवर) अनरेफ हवाच, लवकर रिटर्न होणाऱ्या एरर-वाटांवरसुद्धा. तो राहिला तर डिव्हाइस काढूनही फायनलाइझ येत नाही. अशा वेळी जीडीबी या डीबगरमध्ये ओनर ऑब्जेक्टच्या रेफ फील्डवर वॉचपॉइंट (मूल्य बदललं की थांबवणारी खूण) लावा आणि प्रत्येक बदलाला बॅकट्रेस (तिथवर आणणाऱ्या फंक्शनांची साखळी) काढा. वाढ आणि घट यांच्या जोड्या लावत गेलात की एकटी उरलेली वाढ सापडते.