लिनिअर स्कोअरिंगची वही : ओव्हलवरचे ८२०

क्रिकेटचा स्कोअर लिहिताना चौकटींच्या स्कोअरबुकातून लिनिअर, म्हणजे ओळीओळीने लिहायच्या, पद्धतीवर यायचं आणि कौंटी चॅम्पियनशिपचा (इंग्लंडमधल्या कौंटी संघांच्या स्पर्धेचा) एक अख्खा चार दिवसांचा सामना तिच्यात उतरवायचा, हे या मोसमाचं काम होतं. सामना निवडला सरे विरुद्ध डरहॅम, लंडनचं ओव्हल, २९ जून ते २ जुलै २०२५. निवडण्यामागे मोठं कारण नव्हतं. सरे हा आपला संघ, सामना रविवारी सुरू होणार, आणि कौंट्यांचं यूट्यूबवरचं फुकट प्रक्षेपण आता पूर्वीपेक्षा खूप सुधारलं आहे. सरे ९ बाद ८२० करणार आहे हे कुणाला ठाऊक होतं!

आमच्या गटात नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. लिनिअरमध्ये एका षटकाला एक आडवी ओळ. डावीकडे घड्याळ, मग दोन टोकांचे गोलंदाज, मग दोन फलंदाजांचे रकाने, शेऱ्यांची जागा आणि शेवटी षटकाअखेरीची बेरीज. बिल फर्ग्युसन याच पद्धतीने स्कोअर लिहीत, आणि बिल फ्रिंडल यांनी ती घासूनपुसून आज आपण वापरतो त्या रूपात आणली. चौकटीच्या बुकात सामना संपल्यावर कुणी किती केल्या ते कळतं. लिनिअरमध्ये कुठला चेंडू कुणी कुणाला किती वाजता टाकला तेही कळतं. म्हणून मेहनत दुप्पट, पण एकदा सवय झाली की मागे जाववत नाही.

कागद फुलस्केप, आडवा धरलेला, एका पानावर तीस षटकं. जेल पेन बाद. तळहाताखाली शाई फासते. प्रत्येक गोलंदाजाला वेगळ्या रंगाचं बॉलपेन. खुणा मी देवनागरीत बसवल्या आहेत : चेंडू बॅटला चुकवून गेला तर ‘हु’, कड लागली तर ‘क’, झेल सुटला तर ‘सु’ आणि त्याला गोल.

रविवार, पहिला दिवस

आपल्याकडे दुपारी साडेतीनला खेळ सुरू. जेवणाची सुट्टी साडेपाचला, चहा आठ-सव्वाआठला, आणि दिवसाची ९६ षटकं पुरी होईस्तोवर रात्रीचे साडेदहा-अकरा. नाणेफेक जिंकून डरहॅमने क्षेत्ररक्षण घेतलं होतं. रॉरी बर्न्स आणि डॉम सिब्ली सलामीला आले.

पहिल्या तासातच ‘हु’ आणि ‘क’ किती विरळ आहेत ते दिसू लागलं. या फेरीला ड्यूक्सऐवजी कूकाबुरा कंपनीचा चेंडू होता. इंग्लंडमध्ये २०२५ पर्यंत काही ठरावीक फेऱ्या त्याने खेळवत. त्याची शिवण लवकर बसते, चेंडू मऊ पडतो, आणि मग वेगवान गोलंदाजाला नुसत्या हाताच्या जोरावर राबावं लागतं. त्यात लंडनमध्ये उष्णतेची लाट. क्रॉयडनला राहणारा माझा आतेभाऊ मैदानाबाहेरच्या जुन्या गॅसच्या टाक्यांच्या (गॅसहोल्डरच्या) बाजूला बसला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन केला तो उन्हाबद्दलच बोलायला. “अरे, नागपूर आहे हे!” एवढंच पहिलं वाक्य.

चॅम्पियनशिपमध्ये नो-बॉलला दोन धावा धरतात आणि त्या गोलंदाजाच्या खात्यावर जातात, हे नव्या मंडळींनी पानाच्या डोक्यावर लिहून ठेवावं. आपल्याला एकाची सवय. दर पाच षटकांनी मी तीन बेरजा जुळवतो : फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर, गोलंदाजांनी दिलेल्या अधिक बाय-लेगबाय, आणि पडद्यावरचा धावफलक. अशा डावात हे टाळलं तर दोनशे धावा मागे जाऊन शोधत बसावं लागेल.

सोमवार, दुसरा दिवस

हा दिवस सिब्लीचा. शेवटी ३०५. केव्हिन पीटरसनच्या २०१५ मधल्या नाबाद ३५५ नंतर सरेकडून हे पहिलं त्रिशतक. सिब्लीची फलंदाजी पाहायला रंजक नाही असं अनेक जण म्हणतात, मला ते पटत नाही, आणि लिनिअर लिहिल्यापासून तर मुळीच नाही. त्याच्या रकान्यात टिंबांची, म्हणजे धाव न निघालेल्या चेंडूंची, रांग, मग पायावरचा एक, मग पुन्हा टिंबं, मग खराब चेंडूवर चार. हा क्रम तीनशेपर्यंत बदलत नाही. १७० वर असतानाची ओळ आणि २० वर असतानाची ओळ शेजारी ठेवली तर कुठली कुठली ते सांगता येणार नाही. दुसऱ्या टोकाला डॅन लॉरेन्स १७८, विल जॅक्स ११९, सॅम करन १०८. या तिघांच्या ओळी अगदी वेगळ्या. आकड्यांनी गच्च भरलेल्या. एकाच पानावर दोन स्वभावांची फलंदाजी अशी समोरासमोर उमटलेली मी याआधी पाहिली नव्हती.

डरहॅमचा ऑफस्पिनर जॉर्ज ड्रिसेल, १ बाद २४७. त्याला मी हिरवा रंग दिला होता, आणि पानामागून पान हिरवं होत गेलं. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पाटा खेळपट्टी, मऊ चेंडू, तसलं ऊन, आणि हा पोरगा पुन्हा पुन्हा चेंडू हातात घेऊन येतो. एकतर्फी सामन्यात हरणाऱ्या बाजूच्या रकान्यात अशी माणसं सापडतात, आणि त्यांची ओळ नीट लिहिणं हे स्कोअररचं कर्तव्य आहे असं मी मानतो.

संध्याकाळी ८११ ओलांडले. १८९९ मध्ये याच ओव्हलवर सॉमरसेटविरुद्ध सरेने केलेली ही त्यांची तोवरची सर्वोच्च धावसंख्या. बॉबी एबेल त्यात सलामीला येऊन शेवटपर्यंत नाबाद ३५७. शेऱ्यांच्या रकान्यात मी ‘१८९९ मागे’ असं लिहिलं आणि पुढे ८२६ ची वाट पाहू लागलो. आपल्यापैकी बहुतेकांना कळलंच असेल का ते. डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान, काठियावाडविरुद्ध महाराष्ट्र ४ बाद ८२६, आणि भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ या तेव्हाच्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना काठियावाडने खेळच सोडून दिला. ती खंत पुण्यातल्या जुन्या मंडळींकडून ऐकत आपण मोठे झालो. सरेने ८२० वर डाव घोषित केला. महाराष्ट्राचा आकडा सहा धावांनी वर राहिला, आणि सरेचा चाहता असूनही मला त्याचा आनंद झाला.

मंगळवार आणि बुधवार

रात्री दादाशी, म्हणजे आतेभावाशी, जोरात वाद झाला : सरेने डाव आधीच घोषित करायला हवा होता का? त्याचं म्हणणं, विक्रम रोज होत नाही, खेळू दिलं ते बरोबर केलं. मी वही पुढ्यात घेऊन हिशेब मांडला. चार दिवसांची षटकं जास्तीत जास्त ३८४. सरेने त्यातली सुमारे १६१ वापरली. डाव बदलताना जाणारी षटकं वजा केली तर वीस बळींसाठी जेमतेम २२० उरतात, म्हणजे दर अकरा षटकांना एक बळी. त्याच खेळपट्टीवर, त्याच कूकाबुराने. आणि फलंदाजीचे बोनस गुण पहिल्या ११० षटकांत ४५० झाल्या की पाचच्या पाच मिळतात. त्यापुढच्या धावा गुणतक्त्याला मोजत नाहीत. जिंकलं तर १६, अनिर्णित राहिलं तर ८. दादा म्हणाला, “तुझं गणित बरोबर आहे, पण तू इथे बसला नव्हतास.” त्याचंही खरं आहे. त्रिशतक डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला षटकांचा हिशेब सांगू नये.

पण सामना गणिताप्रमाणेच गेला. डरहॅमला फॉलोऑन मिळाला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला यावं लागलं, आणि ते टिकले. दुसऱ्या डावातली पानं पहिल्या दोन दिवसांच्या पानांपेक्षा मला जास्त शिकवून गेली. धावांचा रकाना मोकळा आणि घड्याळाचा रकाना लांबच लांब. प्रत्येक फलंदाजासमोर मी ‘किती मिनिटं’ हे दर अर्ध्या तासाने लिहीत होतो, कारण वाचवायच्या सामन्यात तोच खरा स्कोअर.

बुधवारी एजबॅस्टनला भारताची कसोटी सुरू झाली. शुभमन गिलचं शतक तिकडे, आणि आमच्या गटातले जवळपास सगळे तिकडे गेले. मी ओव्हलवरच राहिलो. सामना अनिर्णित.

एजबॅस्टनवरून आठवलं. ६ जून १९९४, तिथेच ब्रायन लाराने ४२७ चेंडूंत नाबाद ५०१ केल्या, वॉरविकशायर ४ बाद ८१०. समोर कोण? डरहॅम. तो सामनाही अनिर्णितच. आठशेच्या वर गेलेले हे दोन डाव, दोन्ही डरहॅमवर, आणि डरहॅम दोन्हीकडे हरलं नाही. १९९४ मध्ये त्यांनी स्वतः आधी ८ बाद ५५६ केल्या होत्या आणि पावसाने एक दिवस खाल्ला होता, तेव्हा तुलना सरळ नाही. तरी दोन्ही नोंदी वहीत समोरासमोर चिकटवल्या आहेत.

चाहत्याला हवं तसं पूर्ण वर्चस्व पाहायचं असेल तर एप्रिल-मे २०२१ चा ओव्हलवरचा हॅम्पशायरचा सामना घ्या. सरे ७ बाद ५६० घोषित, हाशिम अमला नाबाद २१५, हॅम्पशायर ९२ आणि १७९, केमार रोचचे एका डावात ४० धावांत ८ बळी. एक डाव २८९ धावांनी विजय. ८२० पेक्षा २६० धावा कमी, आणि सामना खिशात. त्याच वर्षी जुलैत हॅम्पशायरच्या साउदॅम्प्टनला पारडं फिरलं, तेव्हा त्याच अमलाने २७८ चेंडूंत नाबाद ३७ करून सरेला वाचवलं. शिकणाऱ्यांनी लिनिअरचा सराव त्या डावावर करावा. धावा जवळजवळ नाहीतच, त्यामुळे चेंडू, वेळ आणि टोक यांवरच लक्ष राहतं.

२०२२ पासून सलग तीन विजेतेपदं मिळवलेल्या सरेला २०२५ मध्ये नॉटिंगहॅमशायरने मागे टाकलं. सप्टेंबरमध्ये ओव्हलवर ते २० धावांनी जिंकले, आणि पुढच्या सामन्यात विजेतेपद नक्की केलं. जूनमधले ते हुकलेले आठ गुण मला तेव्हा पुन्हा आठवले. दादाला मी काही बोललो नाही.

वहीत दोन बदल करतो आहे. शेऱ्यांची जागा दीडपट, कारण मोठ्या डावात विक्रमांच्या नोंदी शेजारच्या रकान्यात घुसतात. आणि उरलेली कमाल षटकं भागिले हवे असलेले बळी, हा आकडा दर सत्राअखेर लाल शाईत. तुमच्यापैकी कुणी चुकलेल्या फटक्यांची नोंद फलंदाजाच्या रकान्यात न ठेवता गोलंदाजाकडे ठेवत असेल तर पानाचा नमुना पाठवा. एप्रिलमध्ये नवा मोसम सुरू होण्याआधी पानं छापून घ्यायची आहेत.