झालंच, हे काय, आलंच!

परवा दुपारी अलिबागजवळचा कनकेश्वराचा डोंगर चढताना एक काका वरून उतरत होते, डोक्याला ओला रुमाल, हातात काठी. मी घामाने निथळत विचारलं, काका अजून किती? ते न थांबताच म्हणाले, "झालंच, हे काय, वरच तर आहे." मी जेमतेम नागोबाच्या टप्प्याला पोचले होते, आणि पायऱ्या सगळ्या मिळून सातशेच्या वर.

डोंगर उतरणारा माणूस खरं बोलतच नाही. विरारच्या जीवदानीला तेच, सिंहगडावर तेच. आणि उत्तर कायम मिनिटांत, "दहा मिनिटं फक्त", पण कोणाची दहा मिनिटं, उतरणाऱ्याची की दर वळणावर बसणाऱ्याची ते कोणी सांगत नाही. मला वाटतं ते मुद्दाम फसवत नसतात, वर देव बघून झाला, ताक पिऊन झालं, वारा लागला की चढ आपोआप आखूड होतो. माझा एक मावसभाऊ मात्र घड्याळात बघून "अजून चाळीस टक्के पण नाही झालं" असं सांगतो. खरंच सांगतो, पण त्याच्याबरोबर चढायला कोणी तयार नसतं.

डोंगर तसा काही मोठा नाही हां, हजार-बाराशे फूट असेल. अलिबागहून मापगावला यायचं, गाडी लावायची आणि झाडीत शिरायचं. पायऱ्या दगडी, रुंद, १७६४ च्या सुमारास आंग्र्यांच्या दिवाणाने बांधून घेतलेल्या, म्हणजे अडीचशे वर्षं लोक एकमेकांना इथे "झालंच" सांगतायत. मध्ये देवाची पायरी लागते, तिच्यावर पाय ठेवायचा नाही असं आजीने बजावलेलं, त्यामुळे अजूनही तिथे आलं की गुडघा दुखत असला तरी लांब ढांग टाकते आणि मागून येणाऱ्या अनोळखी माणसालाही ओरडून सांगते.

आजीबरोबर आम्ही मे महिन्यात यायचो, पहाटे. तिचा नियम, चढताना बोलायचं नाही, दम जातो. पण करवंदाच्या जाळ्या दिसल्यावर कोण ऐकतंय! कोंबडा की कोंबडी? पैज लावायची, करवंद अर्धं चावायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघाली तर कोंबडी. चीक ओठांना चिकटून ओठ एकमेकांना चिकटायचे, बोटं काळपट व्हायची, फ्रॉकला पुसली की आईची बोलणी ठरलेली. आणि हरलेल्याने जिंकलेल्याची पाण्याची बाटली न्यायची. मी कायम कोंबडा म्हणायचे. आजी न खेळताच मूठभर खाऊन टाकायची आणि म्हणायची, पोटात गेलं की सगळं सारखंच. कनकेश्वराच्या आधी तिचं लक्ष पुष्करणीकडे असायचं, पाय बुडवून पाच मिनिटं बसली की मग देव.

वाटेत झाडी जरा फाकते तिथे समुद्र दिसतो. खाली खाचरं, नारळी-पोफळीच्या वाड्या, थळच्या खत कारखान्याची धुराडी, आणि पलीकडे पाण्यात दोन ठिपके, खांदेरी-उंदेरी. कुठली कुठली यावर बाबा आणि मामा यांचा दरवर्षी वाद. मोठी ती खांदेरी, दीपगृह तिच्यावरच आहे, हे मला पाठ होतं पण मोठ्यांच्या भांडणात कोण पडणार. १६७९ ला महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं, इंग्रजांनी आणि सिद्दीने गलबतं आणून अडवायला बघितलं, नाही जमलं, तेव्हा सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर स्वतःचा किल्ला उभा केला. शेजाऱ्याने माडी चढवली म्हणून आपणही चढवायची, अस्सल कोकणातला प्रकार. आता २०२५ ला खांदेरी जागतिक वारसा यादीत गेली, उंदेरी राहिली बाजूला, सिद्दीला हे कळायला हवं होतं.

या वेळी मात्र माझं लक्ष बेटांकडे गेलंच नाही फारसं. हिरव्या वाड्यांच्या मधे मधे निळे निळे चौकोन दिसत होते, आधी वाटलं ताडपत्र्या असतील, मग लक्षात आलं, नव्या बंगल्यांचे स्विमिंग पूल. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. समुद्र एवढा समोर पसरलेला असताना ही माणसं दाराशी क्लोरीनच्या पाण्यात डुंबतात, आणि जाहिरातीत मात्र 'सी व्ह्यू'. मुंबईहून लाँच आहे, गाड्या आणणारी रो-रो बोट आहे, येणारच लोक, आणि विकणारेही आपलेच. मामाची वाडीही त्यातच गेली, मागल्या विहिरीसकट. रहाट होता तिला, मे महिन्यात पोहरा तळाला लागून चिखल यायचा आणि आजी तरी पहिला पोहरा सुपारीच्या रोपांना घालायची.

मामा म्हणतो दर चांगला मिळाला. मिळाला असेल.